भाड्याची गणनशक्ती आणि मालकीची माहिती

अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाने २००७ साली आपले जुने लेख वाचकांना संगणकावर उपलब्ध करून द्यावयाचे ठरविले. १८५१ साली स्थापन झालेल्या या दैनिकाच्या अशा लेखांची संख्या सुमारे १ कोटी १० लाख भरत होती. पानांच्या छायाप्रती साठविण्यास ४ टेराबाइट, म्हणजे चार लाख कोटी अक्षरांना पुरेल इतकी जागा लागत होती. एकेका लेखाचे विखुरलेले तुकडे जुळवून त्याची वाचता येईल अशी प्रत तयार करणे हे काम अवघड नव्हते. ते केवळ अवाढव्य होते. दैनिकातील एका तंत्रज्ञाने त्यासाठी ॲमेझॉन कंपनीचे १०० संगणक भाड्याने घेतले, २४ तासांच्या आत काम उरकले आणि संगणक परत करून टाकले. एका संगणकाचे तासाचे भाडे १० सेंट होते. शंभर संगणकांचे चोवीस तासांचे भाडे झाले सुमारे २४० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा हजार रुपयांच्या आसपास.

या हिशेबात अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट आहे. तेच काम एकाच संगणकावर केले असते तर त्याला २,४०० तास, म्हणजे १०० दिवस लागले असते आणि भाडेही तेवढेच, २४० डॉलर, द्यावे लागले असते. अन्य कोणत्याही व्यवसायात घाईला किंमत मोजावी लागते. शंभर गवंडी एका दिवसासाठी लावले म्हणून शंभर दिवसांचे घर एका दिवसात उभे राहत नाही, आणि राहिलेच तर मजुरी दुप्पट-तिप्पट होते. येथे मात्र शंभर दिवसांचे काम एका दिवसात झाले आणि दर कवडीनेही वाढला नाही. ज्याला क्लाउड संगणन म्हटले जाते त्याची सारी मोहिनी या एका उदाहरणात सामावलेली आहे. मात्र या उदाहरणातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. काम एकदाच करावयाचे होते, आणि ते झाल्यावर संगणक परत देता आले.

‘क्लाउड’ या शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. माहिती कोठे तरी आकाशात तरंगत असते, अशी समजूत त्यामुळे होते. वस्तुतः हा मेघ अत्यंत जड असून जमिनीवर पक्का रोवलेला आहे. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात खिडक्या नसलेल्या, भोवती कडेकोट कुंपण आणि मागे डिझेल जनित्रांची रांग असलेल्या इमारती दिसतात; मेघ तो त्यांच्या आत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथून, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईतून आणि गूगलने २०१७ साली मुंबईतूनच ही सेवा देण्यास प्रारंभ केला. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका व भांडवलबाजार येथे आहेत आणि वीजपुरवठा त्यातल्या त्यात भरवशाचा आहे. त्यामुळे देशातील माहितीकेंद्रांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई व नवी मुंबई परिसराकडे यावा हे साहजिकच होते. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये आपले ‘पब्लिक क्लाउड’ धोरण जाहीर केले आणि शासकीय खात्यांच्या माहितीसाठी ही दारे उघडी केली. येथेही शब्दाने चकवा दिलेला आहे. सार्वजनिक वाचनालय किंवा सार्वजनिक विहीर या अर्थाने हा मेघ सार्वजनिक नाही. तो खासगी कंपन्यांचा आहे. भाडे देईल त्या कोणालाही तो खुला आहे, एवढाच त्या ‘पब्लिक’चा अर्थ.

मूळ कल्पना मात्र जुनी आहे. विजेप्रमाणे किंवा नळाच्या पाण्याप्रमाणे गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळू लागेल, असा विचार जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने १९६१ सालीच मांडला होता. भारतातही सामाईक संगणकाचा अनुभव नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा त्या काळी बलाढ्य समजला जाणारा संगणक बसविण्यात आला, तेव्हा बाहेरच्या विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील मंडळींनाही त्यावर आपली आकडेमोड करून घेता येत असे. फरक इतकाच, की तो संगणक एका सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात होता आणि आकडेमोड संपली की आपली कार्डे बगलेत मारून परत जाता येत असे.

गठ्ठे वाटून घेण्याची युक्ती

प्रचंड माहितीचे विश्लेषण म्हणजे नेमके काय होते, हे कोणत्याही शिक्षकाला चटकन समजण्यासारखे आहे. परीक्षा मंडळाकडे लक्षावधी उत्तरपत्रिका येतात. कितीही विद्वान असला तरी एक परीक्षक त्या तपासू शकत नाही. म्हणून गठ्ठे करून ते परीक्षकांत वाटले जातात. प्रत्येक जण आपल्या गठ्ठ्यापुरते गुण लिहितो. मग नियामक त्या याद्या एकत्र करून विषयवार, केंद्रवार बेरजा काढतो. एखादा परीक्षक आजारी पडला तर त्याचा गठ्ठा दुसऱ्याकडे जातो, सारे काम अडत नाही. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली ‘मॅपरिड्यूस’ ही पद्धत तत्त्वतः याहून वेगळी नाही. काम शेकडो साध्या, स्वस्त संगणकांत वाटावयाचे, त्यांतील काही बंद पडणारच हे गृहीत धरावयाचे आणि शेवटी निकाल एकत्र करावयाचे. या लेखाच्या आधारे अन्य तंत्रज्ञांनी ‘हडूप’ नावाची प्रणाली २००६ च्या सुमारास तयार करून सर्वांना मोफत खुली केली. हे नाव तिच्या एका निर्मात्याच्या लहान मुलाच्या खेळण्यातील हत्तीचे आहे. इतक्या गंभीर विषयात तेवढीच एक हलकीफुलकी गोष्ट!

या पद्धतीमागचे आणखी एक तत्त्व अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटेल. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गावोगाव परीक्षकांच्या घरी पाठविण्यापेक्षा परीक्षकांनाच केंद्रावर बोलावणे सोयीचे ठरते. माहितीचेही तसेच आहे. प्रश्न विचारणारी आज्ञा चार ओळींची असते, माहिती मात्र अवजड असते. म्हणून जेथे माहिती तेथेच आकडेमोड. याचा व्यावहारिक परिणाम असा, की ज्याच्या गोदामात माहिती साठविली त्याचेच संगणक भाड्याने घेणे भाग पडते. साठवणुकीचा दर अल्प असतो. ग्राहक आत येतो तो त्या दराकडे पाहून, आणि खर्च होतो तो पुढे.

खर्च कसा होतो हेही पाहण्यासारखे आहे. मोठ्या माहितीची कोठारे हल्ली रकान्यांप्रमाणे साठविली जातात. शाळेच्या निकालपत्रकात एकेका विद्यार्थ्याची आडवी ओळ असते. गणिताचे सरासरी गुण काढावयाचे झाले तर प्रत्येक ओळीवरून नजर फिरवावी लागते. तेच पत्रक उभे कापून गणिताचा रकाना वेगळ्या कागदावर ठेवला, तर तेवढाच कागद काढून बेरीज करता येते. गूगलच्या बिगक्वेरी या सेवेत एका प्रकारची आकारणी नेमकी यावरच होते. प्रश्नाचे उत्तर काढताना जितकी माहिती चाळली तितके पैसे. ज्याला आपल्याला कोणते रकाने हवेत हे ठाऊक आहे त्याला ही सेवा फार स्वस्त पडते. ‘सगळे काढा, मग पाहू’ म्हणणाऱ्याला महाग. शिवाय भाड्याने घेतलेला संगणक काम संपल्यावर बंद करण्यास विसरले, तर उघड्या राहिलेल्या नळाप्रमाणे बिल वाहत राहते. यंत्र विकत घेताना निविदा निघते, चार सह्या होतात, लेखापरीक्षक विचारणा करतो. येथे एका कर्मचाऱ्याने सकाळी केलेली चूक महिनाअखेरीस रकमेच्या रूपाने लेखाविभागात उगवते.

विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवून दिले होते, की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागल्यामुळे इंग्लंडमध्ये कोळशाचा खप कमी न होता वाढला. गणनशक्तीच्या बाबतीत तेच घडत आहे. एकेका आकडेमोडीचा खर्च घटला, आणि म्हणूनच पूर्वी कोणी केली नसती अशी आकडेमोड सर्रास होऊ लागली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील माहितीकेंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या जवळजवळ दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल असा तिचा होरा आहे. संस्थेच्या बिलात या विजेचा वेगळा रकाना नसतो.

भाड्याचा जुना धडा

यंत्र भाड्याने घ्यावे की विकत, हा वाद संगणकाहून जुना आहे. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेची जुळवाजुळव हाताने करताना जवळजवळ दशक संपत आले. १८९० च्या वेळी हर्मन हॉलेरिथ या अभियंत्याने छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून मोजणी करणारी यंत्रे पुढे आणली आणि सव्वासहा कोटी लोकांची गणती कितीतरी वेगाने पार पडली. परंतु हॉलेरिथने ही यंत्रे विकली नाहीत. ती जनगणना कार्यालयाला भाड्याने दिली. पुढच्या खेपेस आकारणीवरून कुरबुरी सुरू झाल्या आणि १९०५ च्या सुमारास त्या विकोपाला गेल्या. तेव्हा जनगणना कार्यालयाने एक धाडसी निर्णय घेतला. त्याने स्वतःचे तंत्रज्ञ नेमले, स्वतःची यंत्रे तयार करविली आणि १९१० ची जनगणना त्यांवर केली. हे शक्य झाले, कारण कार्डांवर काय नोंदवावयाचे आणि त्यातून काय काढावयाचे, हे ज्ञान कार्यालयाने भाड्याने दिलेले नव्हते. ते त्याच्या कारकुनांच्या आणि संख्याशास्त्रज्ञांच्या डोक्यात होते.

हॉलेरिथची कंपनी पुढे ज्या उद्योगसमूहात विलीन झाली त्याचेच नाव १९२४ साली आयबीएम झाले, आणि भाड्याची प्रथा या कंपनीने दीर्घकाळ चालविली. १९५६ साली अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी दाव्यात झालेल्या तडजोडीनुसार यंत्रे विकतही देणे तिला भाग पडले. भारतात तर या प्रथेचे स्वरूप अधिकच झोंबणारे होते. परदेशात वापरून जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून येथे आणावयाची आणि त्यांवर वर्षानुवर्षे भाडे घ्यावयाचे, यावर देशात बरीच टीका झाली. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार भारतीय शाखेतील परकीय भागभांडवल कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ साली तिने येथील कारभार गुंडाळला. मागे राहिलेली यंत्रे बंद पडली नाहीत. त्यांच्या देखभालीचे काम सीएमसी या सरकारी कंपनीने सांभाळले. कंपनी गेली तरी यंत्र जागेवर होते आणि माहितीही जागेवर होती. आजच्या भाडेपद्धतीत नेमके याच्या उलट आहे. यंत्र कंपनीच्या इमारतीत, माहिती त्या यंत्रात, आणि ग्राहकाच्या हाती फक्त एक परवलीचा शब्द.

रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता. बाजारात सर्व काही विकत मिळत असताना उद्योगसंस्था काही गोष्टी स्वतः का करतात? बाजारातून घेण्यालाही खर्च येतो, हे त्यांचे उत्तर. शोध घेणे, करार करणे, तो पाळला जातो की नाही हे पाहणे, आणि न पाळल्यास दुसऱ्याकडे जाणे, हा तो खर्च. क्लाउडच्या जाहिरातींत पहिले तीन खर्च जवळजवळ शून्य असल्याचे सांगितले जाते आणि ते बहुतांशी खरेही आहे. चौथ्याबद्दल मौन असते. साठविलेली माहिती बाहेर नेण्यास अनेक वर्षे वेगळा आकार द्यावा लागत असे; आत आणणे फुकट, बाहेर नेणे सशुल्क. युरोपातील नियंत्रकांचा दबाव वाढल्यावर गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही २०२४ च्या आरंभी, कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हा आकार रद्द केला. युरोपीय संघाचा या विषयावरचा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून बदलीचा आकार १२ जानेवारी २०२७ पासून तेथे पूर्णतः बंद होणार आहे. जगाच्या या बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा ज्या तीन कंपन्यांच्या हाती आहे, त्यांनी हे आपण होऊन केले असते काय, याचे उत्तर देण्याची गरज नाही.

मग भाड्याने घ्यावेच का? अवश्य घ्यावे, पण कशासाठी हे ठरवून. लग्नाला लागणारी मोठी पातेली, सतरंज्या, खुर्च्या कोणी विकत घेत नाही. दोन दिवसांसाठी त्या भाड्याने आणणे हाच शहाणपणा. परंतु खानावळवाल्याने रोजची पातेली भाड्याने आणली तर वर्षाच्या आत त्याचे दिवाळे वाजेल. ज्या कामाला एकदम चढ आणि मग उतार आहे, उदाहरणार्थ निकालाचा दिवस, प्रवेशअर्जांचा आठवडा, वर्षातून एकदा होणारे मोठे विश्लेषण, तेथे भाड्याला पर्याय नाही. वर्षातील चार दिवसांसाठी पन्नास यंत्रे धूळ खात ठेवणे हा उधळपट्टीचाच प्रकार. जे काम बारा महिने सारखे चालते त्याचा हिशेब निराळा.

नेटफ्लिक्स ही चित्रपट दाखविणारी कंपनी क्लाउडच्या यशाचे उदाहरण म्हणून नेहमी पुढे केली जाते. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या स्वतःच्या संगणकांतील माहिती बिघडली आणि तीन दिवस ग्राहकांना चित्रपटाच्या तबकड्या पाठविता आल्या नाहीत. त्यानंतर तिने सारा कारभार ॲमेझॉनकडे नेण्यास सुरुवात केली आणि जानेवारी २०१६ मध्ये हे स्थलांतर पुरे झाले. हे खरे आहे. पण प्रेक्षकांच्या घरापर्यंत प्रत्यक्ष चित्रपट पोहोचविण्याचे काम, जे अहोरात्र आणि अवाढव्य प्रमाणावर चालते, ते तिने याच काळात स्वतःच्या यंत्रजाळ्यावर आणले. चढउताराची आकडेमोड भाड्याने, अखंड वाहणारा प्रवाह मालकीचा. ड्रॉपबॉक्स या माहिती साठविणाऱ्या कंपनीने तर उलटाच प्रवास केला. ॲमेझॉनच्या कोठारात वाढलेल्या या कंपनीने २०१६ पर्यंत आपली बहुतेक माहिती स्वतःच्या केंद्रांत हलविली आणि त्यामुळे दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे २०१८ साली भागविक्रीच्या कागदपत्रांत नमूद केले. भारतातही आधारची माहिती प्राधिकरणाने स्वतःच्या केंद्रांत ठेवली आहे आणि तिच्यावरील प्रक्रियेसाठी हडूपसारख्या खुल्या प्रणालींचा उपयोग केला आहे. देशातील प्रत्येक माणसाच्या बोटांचे ठसे ही पुढेमागे ‘परत करून टाकण्याची’ वस्तू नव्हे.

सुरक्षिततेचा प्रश्न

माहिती परक्याच्या घरी ठेवली की ती असुरक्षित आणि आपल्या घरी सुरक्षित, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. दक्षिण कोरियाच्या शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठविण्यासाठी स्वतःची मध्यवर्ती व्यवस्था उभारली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्राला आग लागली आणि त्या व्यवस्थेतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. मालकी स्वतःची होती, निष्काळजीपणाही स्वतःचाच.

उलट बाजूचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे. सहा लाखांवर सभासद, त्यांत विद्यापीठीय शिक्षकांचा मोठा भरणा. मे २०२४ मध्ये गूगलकडे ठेवलेल्या त्याच्या संगणकव्यवस्थेचा मोठा भाग पुसला गेला. कारण नंतर उघड झाले ते असे. व्यवस्था उभारताना गूगलच्याच कर्मचाऱ्याकडून एक रकाना रिकामा राहिला. यंत्राने रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘मुदत एक वर्ष’ असा लावला आणि वर्ष भरताच निमूटपणे तो भाग काढून टाकला. सभासदांना काही दिवस आपली खाती पाहता आली नाहीत. निधी वाचला, कारण दुसऱ्या एका कंपनीकडे माहितीची वेगळी प्रत ठेवण्याची खबरदारी त्याने घेतलेली होती. या दुसऱ्या प्रतीवरील खर्च एरवी कोणत्याही अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जाणारा असतो.

तिसरे उदाहरण जबाबदारीचे. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन लोकांची माहिती २०१९ साली बाहेर गेली. माहिती ॲमेझॉनच्या संगणकांवर होती. पण दाराची कडी नीट लावली नव्हती ती बँकेने, आणि २०२० साली ८ कोटी डॉलरचा दंड झाला तोही बँकेला. घर भाड्याचे असले तरी कुलूप भाडेकरूचे, हा या व्यवहारातील अलिखित नव्हे, चांगला लिखित नियम आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची भूमिका अशीच आहे. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेने प्रक्रियेचे काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी तिचीच राहते, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. रिझर्व्ह बँकेने तर २०१८ सालीच पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच साठविण्याचे बंधन घातले. मात्र इमारत नवी मुंबईत असली तरी कंपनी अमेरिकी असेल, तर २०१८ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार तेथील यंत्रणा तिच्याकडे रीतसर मागणी करू शकते. या कायद्याच्या आद्याक्षरांचे नाव ‘क्लाउड’ असेच होते, हा योगायोग नसावा.

माहिती भरणारे आणि वाचणारे

या साऱ्या चर्चेत एक वर्ग क्वचितच दिसतो. ही प्रचंड माहिती जन्माला कोठे येते? शाळेतील शिक्षक विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, पटसंख्या, शौचालयांची संख्या, पोषण आहाराचा तपशील शासनाच्या संकेतस्थळांवर भरत असतो. दिवसा गर्दीमुळे संकेतस्थळ उघडत नाही म्हणून रात्री अकरा वाजता भरतो. बँकेतील लिपिक खात्यांची, दवाखान्यातील परिचारिका रुग्णांची, तलाठी पिकांची नोंद करतो. यांपैकी कितीजणांना आपण भरलेल्या माहितीतून निघालेला निष्कर्ष पाहावयास मिळतो? आपल्या तालुक्यात पाचवीनंतर मुली कोणत्या गावांतून गळतात, हे कोठारातील एका चार ओळींच्या प्रश्नाने कळू शकते. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि साधन शिक्षकाकडे नसते. गणनशक्ती स्वस्त झाल्याचा लाभ आजवर वरच्या मजल्यावर थांबलेला आहे. खाली आला आहे तो केवळ माहिती भरण्याचा व्याप.

वस्तुतः क्लाउडचे खरे सामर्थ्य या ठिकाणी वापरता येण्यासारखे आहे. एखाद्या महाविद्यालयाला, जिल्हा परिषदेला, लहान सहकारी बँकेला स्वतःचा मोठा संगणक घेणे परवडत नाही. पण महिन्यातून दोन तास भाड्याने घेणे सहज परवडेल. अडचण पैशाची कमी आणि माणसांची अधिक आहे. प्रश्न कसा विचारावा हे जाणणारा एक तरी माणूस संस्थेत असला पाहिजे. अनेक ठिकाणी संगणक भाड्याने घेताना प्रश्न विचारण्याचे कामही बाहेरच्या सल्लागाराला दिले जाते, आणि त्याचा करार संपला की संस्थेला आपल्याच माहितीचे रकाने कळेनासे होतात. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने १९०५ साली जे भाड्याने दिले नाही, तेच येथे प्रथम दिले जाते.

यात आणखी एक धोका आहे. माहिती प्रचंड असली की ती बरोबर असणारच, असा एक भाबडा विश्वास पसरत चालला आहे. गूगलने २००८ साली लोकांनी शोधलेल्या शब्दांवरून फ्ल्यूच्या साथीचा अंदाज देणारी सेवा सुरू केली. कोट्यवधी शोधांवर आधारलेल्या या सेवेने २०१२-१३ च्या हंगामात प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक रुग्णभेटींचा अंदाज वर्तविला. दवाखान्यांतून रीतसर गोळा केलेले मर्यादित आकडे त्याहून अचूक ठरले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा पाया हाच होता. नीट निवडलेली काही हजार कुटुंबे आणि दारोदार जाऊन नीट विचारलेले प्रश्न देशाविषयी जे सांगतात, ते वाटेल तशा जमलेल्या कोट्यवधी नोंदी सांगू शकत नाहीत. विशेष म्हणजे महालनोबिस यंत्राचे विरोधक नव्हते; देशात संगणक आणणाऱ्यांत त्यांची कलकत्त्याची संस्था आघाडीवर होती.

कोठारात एखाद्या शाळेच्या हजेरीपुढे शून्य दिसते. त्या दिवशी नदीला पूर आला म्हणून मुले आली नाहीत, की शाळा भरली पण संकेतस्थळ उघडले नाही, की शिक्षक निवडणुकीच्या कामावर होते? शंभर संगणक चोवीस तास भाड्याने घेतले तरी त्या शून्याचा अर्थ त्यांना लावता येणार नाही. ते त्याची सरासरी काढून मोकळे होतील, आणि त्या सरासरीवर पुढच्या वर्षी शिक्षकांची पदे ठरतील. ज्याने तो आकडा भरला त्याला अर्थ ठाऊक असतो. जुन्या छापील हजेरीपटात उजवीकडे शेवटी एक रुंद रकाना असे आणि त्यावर ‘शेरा’ असे लिहिलेले असे. संगणकावरील नमुन्यांतून तो सर्वांत आधी वगळण्यात आला, कारण त्याची बेरीज करता येत नव्हती.